डी. आर. कापरेकर: देवळालीचे गणिताचे मास्तर आणि पायथॉनमधली एका ओळीची यादी



पायथॉन शिकायला सुरुवात केली की पहिल्या काही दिवसांतच एक छोटीशी सोय भेटते. एकच गोष्ट अनेक वेळा हवी असेल तर ती पुन्हा पुन्हा टाइप करत बसायचं नाही. एकदा लिहायची, पुढे स्टारचं चिन्ह टाकायचं आणि किती वेळा हवी तो आकडा द्यायचा.

'१' * ५

याचं उत्तर येतं '१११११'. म्हणजे पाच एके सलग.

[०] * ८

याचं उत्तर येतं [०, ०, ०, ०, ०, ०, ०, ०]. म्हणजे आठ शून्यांची यादी, ज्याला आपण लिस्ट म्हणतो.

बहुतेक ट्युटोरियल इथे एक-दोन उदाहरणं देऊन पुढच्या धड्याला लागतात. मग शिकणाऱ्याला वाटतं, आठ शून्यं घेऊन मी करू काय? म्हणून आज आपण ही सोय एका माणसाच्या आयुष्यातून समजून घेणार आहोत. त्या माणसाने जन्मभर आकड्यांच्या पुनरावृत्तीचाच पाठलाग केला, तोही कॉम्प्युटरशिवाय. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

एक सूचना आधीच देतो. या लेखात सगळे अंक मराठीत लिहिले आहेत. फोनवर पायथॉन चालवताना मोजणीचे अंक इंग्रजी कीपॅडवरचे घ्या. कोटच्या आत मात्र देवनागरी अंक चालतात. '१' * ५ लिहून त्याचं इंट केलं, तर पायथॉन त्याला अकरा हजार एकशे अकरा अशी खरीखुरी संख्या समजतो. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नावही मराठीत देता येतं, म्हणून पुढच्या ओळींत 'खूण', 'वही' अशी नावं दिसली तर दचकू नका.

आधी देवळालीचा घोळ मिटवू

मी राहुरी तालुक्यातला. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात देवळाली म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर देवळाली प्रवराच येते. कापरेकर देवळालीचे, असं मी घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की आपल्या देवळालीत कोणत्या गल्लीत राहायचे? तर नाही. त्यांची देवळाली ही नाशिकजवळची, लष्करी छावणीची, जिला आपण देवळाली कॅम्प म्हणतो. गावं दोन, नाव एक. हा प्रकार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. याच्या उलटा प्रकार, म्हणजे वस्तू एक आणि नावं अनेक, तो कॉम्प्युटरमध्ये जास्त त्रास देतो. तो पुढे भेटेलच.

डहाणूचा मुलगा

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली आणि वडिलांनी त्यांना वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. मुलाने ज्योतिष पुढे नेलं नाही, पण आकडे घेऊन तासन् तास बसायची गोडी त्याला घरातूनच लागली असं म्हणायला जागा आहे.

शाळा ठाण्यात झाली. तिथेच कोडी सोडवायचा आणि लांबलचक हिशोब सोप्या वाटेने करायचा छंद जडला. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. गणितात स्वतःच्या डोक्याने काही नवं करणाऱ्या विद्यार्थ्याला तेव्हा रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळत असे. केंब्रिजच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले हेच ते र. पु. परांजपे. १९२७ साली ते पारितोषिक कापरेकरांना मिळालं. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले.

त्यांचं औपचारिक शिक्षण इथे संपलं. पुढे एम. एस्सी. नाही, पीएच. डी. नाही, परदेश नाही. १९३० साली देवळालीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे ३२ वर्षं, ते शाळामास्तर राहिले. आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ज्यांचं नाव येतं, त्यांच्या नावापुढे आयुष्यभर एवढीच ओळख होती.

डोंबिवलीच्या स्टेशनवर सुचलेली संख्या

मुंबईहून कल्याणकडे जाणाऱ्या त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन लागायचं. आज लोकलच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेल्या या स्टेशनवर कापरेकरांना संख्यांचा एक प्रकार सुचला आणि त्यांनी त्याला स्टेशनचंच नाव देऊन टाकलं: डेम्लो संख्या.

यातला सर्वांत देखणा भाग असा. फक्त एके असलेल्या संख्या घ्या आणि त्यांचे वर्ग करा.

१ चा वर्ग १
११ चा वर्ग १२१
१११ चा वर्ग १२३२१
११११ चा वर्ग १२३४३२१

आकडे जिना चढतात आणि उतरतात. हे का होतं, ते कागदावर एकदा गुणाकार मांडला की कळतं. ११११ गुणिले ११११ करताना ११११ हीच ओळ चार वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभी बेरीज करायची. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार आणि पुढे पुन्हा तीन, दोन, एक. म्हणजे आपण पायथॉनमध्ये स्टार लावून एक ओळ अनेक वेळा घेतो, तेच काम हातच्या गुणाकारात दडलेलं असतं.

नऊ एक्यांपर्यंत जिना शाबूत राहतो. दहा एके घेतले की मधल्या घरात बेरीज १० होते, हातचा पुढे जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला ८ गायब होतो. जिना तुटतो तो हातच्यामुळे.

कापरेकर एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांची डेम्लो संख्या यापेक्षा व्यापक आहे: तिला डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग असतात. डाव्या-उजव्या भागांची बेरीज केली की एकच आकडा पुन्हा पुन्हा येतो आणि मधला भागही त्याच आकड्याचा बनलेला असतो. उदाहरणार्थ ४३ ला एक्यांच्या संख्यांनी गुणून बघा.

४३ × ११ = ४७३
४३ × १११ = ४७७३
४३ × ११११ = ४७७७३
४३ × १११११ = ४७७७७३

डावीकडे ४, उजवीकडे ३, त्यांची बेरीज ७, आणि मध्ये हवे तेवढे सात. १२३२१ मध्येही तेच: डावा भाग १२, उजवा २१, बेरीज ३३ आणि मध्ये ३. या अद्भुत डेम्लो संख्यांवरचा त्यांचा लेख १९३८ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आला.

आज आपल्याला यासाठी एक ओळ पुरते. कोटमध्ये एक लिहा, स्टार, हवा तेवढा आकडा, त्याचं इंट करा आणि वर्ग काढा. हजार एक्यांचा वर्गसुद्धा फोन पापणी लवायच्या आत देतो. कापरेकरांना प्रत्येक १ हाताने लिहावा लागे. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी आपण याच्याकडे परत येऊ.

हसणारे लोक आणि ६१७४

मोठमोठ्या विद्यापीठांतली मंडळी तेव्हा वेगळ्या गणितात गुंतलेली होती. एक शाळामास्तर आकड्यांच्या गमती करतो याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. कापरेकरांच्या कामाला भारतातल्या बऱ्याच गणितज्ञांनी सुरुवातीला गांभीर्याने घेतलं नाही. त्यांचे लेख बहुतेक वेळा कमी नावाजलेल्या नियतकालिकांत छापून येत, नाहीतर ते स्वतःच पुस्तिका काढत. तरीही ते गणिताच्या परिषदांना जात राहिले, आणि शाळा-कॉलेजांनी बोलावलं की तिथे जाऊन मुलांना आकड्यांचे खेळ दाखवत राहिले.

मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. सॉफ्टवेअरमध्येही अशी एक नजर असते की काम कुठल्या कंपनीतून, कुठल्या शहरातून आलं ते आधी बघायचं आणि काम काय आहे ते नंतर. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलाला ही नजर लगेच ओळखू येते.

पुढे कापरेकरांना जो शोध लागला, त्याने त्यांचं नाव कायमचं कोरलं. चार अंकी कुठलीही संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि तिथून हलत नाही.

कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊन बघू, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या. तुमच्यापैकी कुणाचा जन्म २००५ चा असेल तर तेही करून बघा. रस्ता पूर्ण वेगळा लागतो, पण पायऱ्या सातच.

ज्या १११, ११११, २२२२ अशा पुनरावृत्तीवर डेम्लो संख्या उभ्या आहेत, तीच पुनरावृत्ती इथे मात्र अपवाद ठरते. ११११ मधून ११११ गेले की उरतं शून्य आणि खेळ संपतो.

एका शून्याची किंमत

हा खेळ प्रोग्राममध्ये उतरवताना पुनरावृत्ती दोन ठिकाणी लागते, आणि पहिलं ठिकाण नीट पाहिलं नाही तर कापरेकर चुकीचे ठरतात!

२१११ घ्या. २१११ − १११२ = ९९९. आता उत्तर तीन अंकी झालं. कॉम्प्युटरला आपण ही संख्या तशीच दिली तर तो पुढे ९९९ − ९९९ करतो आणि शून्यावर जाऊन बसतो. कापरेकरांच्या खेळात मात्र संख्या कायम चार घरांची असते, म्हणजे ही ०९९९ आहे. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. सगळं सुरळीत.

म्हणून वजाबाकी झाल्यावर जेवढे अंक कमी पडतील तेवढी शून्यं पुढे जोडायची:

'०' * (४ − लांबी)

अंक चारच असतील तर चार वजा चार शून्य होतं, आणि शून्य वेळा घेतलेलं '०' म्हणजे काहीच नाही. पायथॉन त्यावर तक्रार करत नाही, रिकामी जागा देतो. त्यामुळे वेगळी अट लिहायची गरज पडत नाही.

ही ओळ गाळली तर किती फरक पडेल? १००० ते ९९९९ मध्ये अशा ६८ संख्या आहेत, ज्या पहिल्याच वजाबाकीत ९९९ वर जातात. सगळ्यांत तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्यापेक्षा एकने कमी किंवा जास्त असतो. शून्य जोडलं नाही तर या ६८ संख्या ६१७४ वर पोहोचणार नाहीत, आणि प्रोग्राम बघणाऱ्याला वाटेल की मास्तरांचा नियमच खोटा आहे.

दुसरं ठिकाण मोजणीचं. किती संख्यांना किती पायऱ्या लागतात हे मोजायचं असेल, तर ० पासून ७ पर्यंत आठ डबे हवेत आणि सुरुवातीला सगळे रिकामे हवेत. सुरुवातीला पाहिलेली [०] * ८ ही ओळ इथे उपयोगी पडते. १००० ते ९९९९ पर्यंत प्रत्येक संख्या चालवायची, पायऱ्या मोजायच्या, त्या डब्यात एक टाकायचा. शेवटी यादी अशी दिसते:

[१, ३५६, ५१९, २१२४, ११२४, १३७९, १५०८, १९८०]

पहिल्या डब्यातली एक संख्या म्हणजे खुद्द ६१७४. सर्वांत मोठा गट तीन पायऱ्यांचा, २१२४ संख्यांचा. आणि १९०५ सारख्या पूर्ण सात पायऱ्या घेणाऱ्या १९८० संख्या आहेत. सगळ्या डब्यांची बेरीज ८९९१, म्हणजे ९००० मधून सारख्या अंकांच्या ९ संख्या वगळून. तुमचं उत्तर यापेक्षा वेगळं आलं तर आधी शून्याची ओळ तपासा.

निवृत्तीनंतरच्या देवळाली संख्या

१९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शनमध्ये भागत नव्हतं, म्हणून ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत राहिले. संख्यांचा अभ्यास मात्र थांबला नाही. १९६३ साली त्यांनी देवळालीहूनच स्वयंभू संख्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. या संख्यांना त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं: देवळाली संख्या.

कल्पना शाळेतल्या मुलालाही समजेल अशी आहे. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले तर २१ + २ + १ = २४. म्हणजे २४ चा जनक २१. आता उलट विचारा, प्रत्येक संख्येला असा जनक असतो का? नसतो. २० ही संख्या कुठल्याच संख्येपासून अशा रीतीने मिळत नाही. ज्यांना जनकच नाही, त्या देवळाली संख्या. १०० पर्यंत अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. काही संख्यांना तर दोन जनक असतात. अशी सर्वांत लहान संख्या १०१. ९१ + ९ + १ केलं तरी १०१ आणि १०० + १ केलं तरी १०१.

प्रोग्राममध्ये हे शोधायचं असेल तर आधी प्रत्येक संख्येपुढे 'जनक सापडला नाही' अशी खूण करायची.

खूण = [०] * १२०

१२० घरं अशासाठी की ९९ पासून मिळणारी संख्या ९९ + १८ म्हणजे ११७ असते. मग १ ते १०० पर्यंत प्रत्येक संख्येतून पुढची संख्या काढायची आणि त्या घरातली खूण १ करायची. शेवटी १ ते १०० मध्ये जिथे ० उरलं, त्या देवळाली संख्या. इथवर सगळं सोपं आहे.

सामाईक विहिरीची गोष्ट

आता थोडी हाव करू. नुसती खूण नको, प्रत्येक संख्येचे जनक कोण तेही लिहून ठेवायचं. म्हणजे प्रत्येक घरात एक रिकामी लिस्ट हवी. हात सवयीने लिहितो:

वही = [[]] * १२०

चालवून बघा. ९१ हा १०१ चा जनक म्हणून १०१ नंबरच्या घरात टाकला, की तो सगळ्या १२० घरांत दिसायला लागतो. प्रोग्राम पूर्ण चालला की प्रत्येक घरात १ ते १०० सगळे आकडे भरलेले. एकही घर रिकामं नाही. म्हणजे देवळाली संख्या जगात नाहीतच असं उत्तर! आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एकही एरर येत नाही.

हे का झालं ते आमच्याकडच्या शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल. तीन भावांच्या सातबाऱ्यावर विहीर लागलेली आहे. कागद तीन, विहीर एक, सामाईक. धाकट्याने मोटर चालवली की थोरल्याच्याही विहिरीतलं पाणी खाली जातं, कारण ती तीच विहीर आहे. [[]] * १२० लिहिलं तेव्हा पायथॉनने १२० विहिरी खणल्या नाहीत. एकच खणली आणि १२० उताऱ्यांवर तिची नोंद लावली. स्टार गोष्टीची प्रत काढत नाही, त्याच गोष्टीकडे बोट दाखवणारी नोंद पुन्हा पुन्हा करतो.

मग [०] * १२० मध्ये हा घोळ का झाला नाही? तिथेही सगळी घरं सुरुवातीला एकाच शून्याकडे बोट दाखवतात. पण आपण शून्यात काही ओतलं नाही. घराची नोंदच बदलून त्याला १ कडे वळवलं. एका भावाने सामाईक विहीर सोडून स्वतःच्या बोअरची नोंद करून घेतली, तर बाकीच्यांच्या पाण्याला धक्का लागत नाही. आकडा किंवा अक्षरांची ओळ आतून बदलता येत नाही, म्हणून तिथे स्टार बिनधोक आहे. लिस्ट आतून बदलता येते, म्हणून तिथे सावध राहायचं.

प्रत्येक घराला स्वतःची विहीर हवी असेल तर खणायचं कामच १२० वेळा करायला सांगायचं:

वही = [[] फॉर घर इन रेंज(१२०)]

फॉर, इन आणि रेंज हे शब्द टाइप करताना इंग्रजी अक्षरांत लिहायचे. याला लिस्ट कॉम्प्रिहेन्शन म्हणतात. ओळ आताही एकच आहे, पण दर फेरीला नवी रिकामी लिस्ट तयार होते. आता प्रोग्राम चालवा. २० चं घर रिकामं, २४ च्या घरात २१, आणि १०१ च्या घरात ९१ व १००. मास्तरांनी सांगितलं तसंच. जावास्क्रिप्टमध्ये फिल वापरून घरात रिकामी लिस्ट भरली तर तिथेही हीच सामाईक विहीर होते, तेव्हा हा धडा फक्त पायथॉनपुरता नाही.

थोडक्यात लक्षात ठेवायचं असेल तर असं: आकडे आणि अक्षरं हवी असतील तर स्टार. लिस्टच्या आत लिस्ट हवी असेल तर कॉम्प्रिहेन्शन.

उशिरा आलेली ओळख

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांबद्दल लिहिलं. गार्डनरांचं सदर जगभरचे गणितप्रेमी वाचत. कापरेकर तेव्हा ७० वर्षांचे होते, शाळा सोडून १३ वर्षं झाली होती. घरच्या माणसांनी ज्याकडे पोरखेळ म्हणून पाहिलं, ते काम बाहेरच्याने उचलून दाखवलं. त्यानंतर जगभरातल्या गणितज्ञांनी त्यांच्या संख्यांवर काम केलं. पूर्णांकांच्या ऑनलाइन विश्वकोशात आज अद्भुत डेम्लो संख्यांना आणि देवळाली संख्यांना स्वतःचे क्रमांक आहेत. देवळाली संख्यांना तिकडे काही जण कोलंबियन संख्या म्हणतात, कारण १९७० च्या दशकात कोलंबियातूनही कुणीतरी तोच प्रश्न विचारला होता. वस्तू एक, नावं दोन!

१९८६ साली देवळालीतच कापरेकरांचं निधन झालं. पायथॉन लोकांच्या हाती आला १९९१ मध्ये. त्यामुळे ज्या भाषेत आज जगभरची मुलं ६१७४ चा प्रोग्राम सरावासाठी लिहितात, ती त्यांनी कधी पाहिली नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं?

३२ वर्षं एकाच शाळेत शिकवणं म्हणजे बाहेरून बघताना एकच वर्ष ३२ वेळा जगणं वाटतं. तोच अभ्यासक्रम, तेच धडे, दर जूनमध्ये नवी मुलं. कापरेकरांची वर्षं तशी गेली नाहीत. तेच दहा अंक रोज समोर असताना त्यांना त्यांत डेम्लो दिसल्या, ६१७४ दिसला, देवळाली संख्या दिसल्या. प्रत्येक फेरीला ते नवी पाटी घेऊन बसले. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी स्टार वापरला नाही, कॉम्प्रिहेन्शन वापरलं.

वर म्हटलं होतं की त्यांना प्रत्येक १ हाताने लिहावा लागे आणि आपल्याला हजार एके एका ओळीत मिळतात. फोनने आपलं लिहिण्याचं काम वाचवलं. पण १११ चा वर्ग १२३२१ आला की तिथे थांबून हे असं का, असं विचारायचं काम त्याने वाचवलेलं नाही. दहाव्या एक्याला जिना का तुटतो, ०९९९ मधलं शून्य का सोडायचं नाही, १२० घरं एकदम का भरली, हे प्रश्न आपल्यालाच पडावे लागतात. ते पडायला पुणे लागत नाही, पदवी लागत नाही. देवळालीच्या शाळेत पडले, तर राहुरीत, अकोल्यात, जामखेडलाही पडतील.

तेव्हा आज एवढं करा. फोनवर पायथॉन चालवणारं एखादं मोफत ॲप उघडा. आपलं जन्मवर्ष घ्या आणि ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते आधी कागदावर काढा, मग प्रोग्रामने. नंतर तीन अंकी संख्यांना हाच खेळ लावून बघा. तिथेही एक संख्या सगळ्यांना आपल्याकडे ओढून घेते. ती कोणती, ते मी सांगत नाही. फक्त शून्याची ओळ विसरू नका, तिथेही ती लागते.